कँतियों, ब्रसेल्स : वायनरीवाल्यांनी आवर्जून बघावी अशी ब्रुअरी

मी दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या लॅबमध्ये काम करते. म्हणजे दिवसभर ब्रिक्स (रसातली साखर), पीएच आणि सल्फर. त्यामुळे हा रिव्ह्यू त्याच नाकाने लिहिलाय, हे आधीच सांगते. सोबत मामा होते. ते द्राक्ष एक्स्पोर्ट करतात. मार्चमध्ये त्यांचा कंटेनर रॉटरडॅमला उतरला, तिथलं काम आटोपलं आणि आम्ही रेल्वेने ब्रसेल्सला आलो. मामा माळकरी. बिअरच्या देशात माळकरी मामांना घेऊन फिरणं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

ब्रसेल्स-मिडी स्टेशनपासून कँतियों चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. आजूबाजूला वर्कशॉप, जुनी घरं. दार गॅरेजचं वाटतं, आपण चुकलो असं समजून मागे फिरू नका. 1900 सालची ही ब्रुअरी अजून त्याच घराण्याकडे आहे आणि 1978 पासून म्युझियम म्हणूनही उघडी आहे. तिकीट काढलं की हातात माहितीपुस्तिका देतात आणि तुम्ही आपले आपले फिरायचं. मागे गाइड नाही, घाई नाही. मला हे फार आवडलं. आमच्याकडे टेस्टिंग रूममध्ये पर्यटकांना कळप करून फिरवतात, त्यापेक्षा बरं.

इथे लँबिक नावाची आंबट बिअर बनते. बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) आणि साधारण एक तृतीयांश कच्चा गहू उकळायचा, त्यात दोन-तीन वर्षं जुनं हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, घालायचं. ताजं नाही, मुद्दाम जुनं, कारण कडूपणा नकोय, फक्त टिकाऊपणा हवाय. इथपर्यंत ठीक. मग तो गरम रस छपराखालच्या माळ्यावर एका मोठ्या, उथळ तांब्याच्या भांड्यात ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. भिंतींना आणि छपराला झडपा आहेत, त्यातून थंड हवा येते आणि हवेतलं जंगली यीस्ट रसात उतरतं. बाहेरून यीस्ट घालायचंच नाही. सकाळी रस थंड झाला की पिंपात.

मी त्या भांड्याच्या काठाशी बराच वेळ उभी होते. भांडं रिकामं होतं, तांबं मधे चकचकीत आणि कडेला काळपट. वर लाकडी वासे, त्यांच्यावर कोळ्यांची जाळी. जाळी काढत नाहीत, कारण फळांच्या दिवसात येणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळी करतात. आमच्याकडे ऑडिटला असं एक जाळं दिसलं तर सुपरवायझरची खैर नाही. हे सगळं फक्त थंडीत, साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत करतात. उन्हाळ्यात हवेत नको ते जंतू जास्त. नाशिकच्या हवेत असा रस रात्रभर उघडा ठेवला तर काय होईल, याचा विचार करून मला घाम फुटला.

खालच्या मजल्यावर पिंपांच्या रांगा. वासाला शब्द आहे आमच्याकडे : गोठा. वाईनमध्ये ब्रेटानोमायसिस (आम्ही ‘ब्रेट’ म्हणतो) हे जंगली यीस्ट शिरलं की येतो तो वास, ओलं चामडं, घोड्याचं खोगीर. आमच्याकडे हा वास आला की पिंप बाजूला काढतात, कधी कधी फेकूनच देतात. इथे त्याच यीस्टच्या जिवावर चार पिढ्या जगल्या! मामांनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "अगं, हे नासलंय ना?" मी म्हटलं, "हो मामा, पण नियमाने नासवलंय."

शेवटी चव. साधी लँबिक बिनफेसाची, सपाट आणि टोकदार आंबट. ती आवडलीच पाहिजे असं नाही. गझ मात्र घ्याच. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लँबिक एकत्र करून बाटलीत भरतात, कोवळ्या लँबिकमध्ये उरलेली साखर बाटलीतच पुन्हा आंबते आणि शँपेनसारखा बारीक फेस धरते. बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवून ओततात, गाळ हलू नये म्हणून. जिभेवर आधी कच्च्या द्राक्षाचा आंबटपणा, मग लिंबाची साल, मग तोच गोठा, पण आता हवाहवासा. क्रीक, म्हणजे आंबट चेरीवाली, रंगाला सुरेख आहे. गोड असेल म्हणून मागवाल तर तोंड वाकडं होईल.

आणि मग विन्यरॉन. लँबिकमध्ये मस्कॅट द्राक्षं भिजवून केलेली. दुसरी एक आहे तांबड्या द्राक्षांची, सँ-लामविनस. विन्यरॉनचा ग्लास नाकाशी नेला आणि मला थेट आमच्या क्रशिंगच्या दिवसांतली टाकी आठवली. मामांना नुसता वास दिला. त्यांनी डोळे मिटून घेतला आणि विचारलं, "मण्याची साल जाड असेल, नाही?" प्यायले नाहीत, पण हा पूर्ण ब्रसेल्समधला त्यांचा आवडता ग्लास.

तक्रारी किरकोळ. बसायला जागा कमी, पिंपाभोवती उभं राहावं लागतं. खायला फारसं काही नाही, भरल्या पोटी जा. काही बाटल्या तिथेच बसून प्यायच्या, घरी न्यायला देत नाहीत. रोज उघडं नसतं, वेळ बघून निघा. आणि ज्यांना बिअर म्हणजे चिल्ड लागर आणि शेंगदाणे एवढंच माहीत आहे, त्यांना जबरदस्तीने नेऊ नका. त्यांच्यासाठी वेस्टमाल किंवा शिमेसारखी ट्रॅपिस्ट, म्हणजे मठातली बिअर, कुठल्याही बारमध्ये मिळते, जिच्या तिच्या ठरलेल्या ग्लासात.

बाकी खाण्याचं थोडक्यात. फ्राइज दोनदा तळतात, म्हणून बाहेर कुरकुरीत आणि आत मऊ. प्लास जुर्दां या चौकात 1948 पासूनची मेझाँ आंत्वान ही फ्राइजची टपरी आहे. तिथून कागदी कोन घ्यायचा आणि शेजारच्या बारमध्ये बिअरसोबत खायचा, बारवाले काही म्हणत नाहीत. पण शाकाहारी मंडळींनो, पारंपरिक फ्राइज गाईच्या चरबीत तळतात. मामा प्रत्येक टपरीसमोर मला पुढे करायचे : "कशात तळलंय ते विचार आधी." वनस्पती तेलवाली टपरी सापडेपर्यंत कोंडाजीच्या चिवड्यावर भागलं. वॉफलमध्ये अंडं, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. लिएज शहराच्या पद्धतीचा घ्या, जाडजूड, आत साखरेचे खडे वितळून चिकट झालेले. मानकन पिस या लघवी करणाऱ्या पोराच्या प्रसिद्ध पुतळ्याच्या आसपास एका दुकानात क्रीम आणि स्ट्रॉबेरीचा डोंगर रचलेला एक घेतला. गार होता, पैसे वाया. चॉकलेटसाठी नॉयहाउसच्या जुन्या दुकानात गेलो. 1857 साली औषधांचं दुकान म्हणून सुरू झालेलं, 1912 मध्ये त्यांनी प्रॅलीन, म्हणजे आत सारण भरलेलं चॉकलेट, आणलं. मामांनी मामींसाठी बॉक्स घेतला, दारू नसलेला, तीनदा विचारून.

बाटल्या आणायच्या असतील तर चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. आपल्या कस्टमची सवलत माणशी दोन लिटर, म्हणजे 750च्या दोन आरामात बसतात. मी गझच्या दोन आणल्या. एक वायनरीत नेली, तर आमच्या वाईनमेकरने ती सेलरच्या दारातच अडवली. म्हणाला, "हे ब्रेट घेऊन आत पाऊल टाकायचं नाही." शेवटी आम्ही सगळ्यांनी ती गेटबाहेर, वॉचमनच्या केबिनपाशी, कागदी कपांत प्यायलो. वाईनमेकरने दोनदा घेतली.