भरीत: दह्यातलं की परतलेलं?

भाद्रपदात सांगलीच्या मंडईत भरताची वांगी दिसली की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. भाजण्यावर मात्र एकमत: तेलाचा हात लावायचा, सुरीने दोन-चार टोचे मारायचे (मी एकदा विसरले, सगळी शेगडी पुसत बसले) आणि साल काळीठिक्कर होईपर्यंत थेट जाळावर धरायचं. देठाजवळ सुरी अडखळली नाही की झालं.

दह्यातलं भरीत सासूबाईंचं. गर पूर्ण गार होऊ द्यायचा, नाहीतर दही फुटून पाणी सुटतं. मग बारीक कांदा, कोथिंबीर, वरून हिंग-मोहरी-मिरचीची फोडणी. मीठ अगदी पानं घेताना. भाजल्याचा खमंग वास यातच खरा कळतो. उरलं तर दुसऱ्या दिवशी आंबट, म्हणून बेतानंच करायचं.

परतलेल्यात कांदा, टोमॅटो, घरचा कांदा-लसूण मसाला, मूठभर दाण्याचं कूट. डब्यात गळत नाही, अचानक पाहुणा आला तरी पुरतं. पण मसाला सढळ पडला तर वांगं शोधावं लागतं.

ज्वारीची भाकरी असेल तर मी परतलेलंच करते. वरणभाताशी दह्यातलं. आणि वांगं बियाळ निघालं तर सासूबाईसुद्धा मसाल्याचा डबा पुढं सरकवतात.