सरफेस मायनर: राखेवर ताबा हवा असेल तरच घ्या

उघड्या खाणीतून कोळसा काढायची जुनी रीत म्हणजे भोकं पाडा, सुरुंग उडवा, शॉवेलने उचला आणि क्रशरमध्ये घाला. सरफेस मायनर यातली बहुतेक कामं एकाच फेरीत उरकतो. त्याच्या पोटाखाली दात बसवलेला ड्रम असतो. यंत्र पुढे सरकतं तसा तो उलटा फिरत कोळसा खालून वर खरवडत जातो. या वर्गात व्हिर्टगेन या जर्मन कंपनीचा २२०० एसएम ओळखीचा आहे: ड्रम २.२ मीटर रुंद, कापाची खोली ३० सेंटिमीटरपर्यंत.

उत्पादनाचा हिशेब आधी मांडा. २५ सेंटिमीटर काप, मिनिटाला १५ मीटर वेग आणि घनमीटरला १.३५ टन घनता धरली तर तासाला साडेसहाशे टनांच्या पुढे आकडा जातो. पण यंत्र वळायला तीनेक मिनिटं खातं. बेंच, म्हणजे खाणीतली सपाट पायरी, ३०० मीटर लांब असेल तर तासाला ५८० टन मिळतात, १०० मीटरच असेल तर ४६०. आखूड बेंचवर हे यंत्र उतरवणं म्हणजे जवळपास एक तृतीयांश वेळ वळण्यातच घालवण्याची तयारी.

खरी कमाई मात्र टनांत नाही, प्रतीत आहे. समजा ३० सेंटिमीटरच्या कापात १० सेंटिमीटर शेलचा, म्हणजे न जळता राख वाढवणाऱ्या मातकट दगडाचा, पट्टा आला. शेलची घनता २.२ धरली तर वजनाने जवळपास ४५ टक्के दगड कोळशासोबत जातो. सुरुंगाने फोडलेल्या ढिगातून तो वेगळा काढता येत नाही. सरफेस मायनरने आधी पट्ट्यापर्यंतचा कोळसा घ्यायचा, मग पट्टा तेवढा कापून बाजूला टाकायचा, मग खालचा कोळसा. ऑपरेटरला खोली बदलण्याची सवय लागली पाहिजे. दिवसभर एकच खोली लावून चालवला तर हा फायदा शून्य.

हे आज जास्त महत्त्वाचं झालं आहे. सौरऊर्जा वाढली तशी कोळशावरच्या वीजसंचांना दुपारी भार खाली आणावा लागतो आणि संध्याकाळी झपाट्याने चढवावा लागतो. कमी भारावर ज्योत आधीच नाजूक असते. त्यात कोळशातली राख वरखाली झाली की आधाराला तेल जाळावं लागतं. अशा ग्राहकाला एकसारखा कोळसा हवा असतो.

आता दुखणी. दात होल्डरमध्ये (ड्रमवरच्या त्यांच्या खोबणीत) स्वतःभोवती फिरत राहिले तर सगळीकडून सारखे झिजतात. पाण्याचा फवारा कमी पडला की बारीक भुकटी होल्डरमध्ये घट्ट बसते, दात अडकतो आणि एका बाजूने चपटा होतो. तसाच चालवला तर होल्डरच घासला जातो, आणि तो बदलायला वेल्डिंग लागतं. म्हणून दर शिफ्टला ड्रम थांबवून, इंजिन बंद व कुलूपबंद करून प्रत्येक दात हाताने फिरवून पाहावा. कठीण वालुकाश्म लागला की दात भराभर संपतात. तिथे सुरुंगच बरा. पावसात चिखल झालेल्या बेंचवर ट्रॅक घसरतात. भुकटीचं प्रमाणही सुरुंगापेक्षा जास्त असतं, त्यामुळे ढीग पडून राहिला तर आपोआप तापतो. ढीग थरांनी दाबून रचावा आणि जुना माल आधी उचलावा.

खरेदीआधी खाणीचं उरलेलं आयुष्य पाहा. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपलं शेवटचं कोळशावरचं वीज केंद्र बंद केलं; जर्मनीच्या कायद्यात २०३८ ची मुदत आहे. कोळसा थांबला तरी हे यंत्र चुनखडी, जिप्सम किंवा बॉक्साइटमध्ये चालतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र चुनखडीसाठी दातांची मांडणी दाट असलेला वेगळा ड्रम लागतो. त्याची किंमत पहिल्याच कोटेशनमध्ये मागून घ्या.