केळीच्या बागेत स्नॅपशॉट हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा, काही महिने वापरून झाल्यावर

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या बागा तपासायचं काम करतो, मृगबागेपासून (जून-जुलैची लागवड) हा २५ बँडवाला, म्हणजे प्रकाशाच्या २५ तरंगलांब्या वेगवेगळ्या टिपणारा, कॅमेरा हातात आहे म्हणून लिहितोय.

आधी लाइन स्कॅनवाला होता. तो एका वेळी एकच पट्टी बघतो, सरकवत सरकवत चित्र जोडायचं, लॅबमध्ये झकास पण केळीचं पान वाऱ्याला फडफडणारच, मग एकाच पानाचे तुकडे भलतीकडे. स्नॅपशॉटमध्ये एका क्लिकला सगळे बँड येतात. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर बारीक फिल्टर असतो, समोरासमोर दोन आरसे आणि मधे फट, फटीच्या जाडीप्रमाणे ठरावीक तरंगलांबीच पुढे जाते. ५ बाय ५ च्या गटात २५ जाड्या, तोच गट सेन्सरभर फरशीसारखा बसवलेला. रेंज ढोबळमानाने ६०० ते ९७५ नॅनोमीटर.

आता खरी गोष्ट. २०४८ बाय १०८८ चा सेन्सर, पण प्रत्येक बँडच्या वाट्याला येतात ४०९ बाय २१७! विकणारा पहिला आकडा सांगतो, दुसरा आपणच काढायचा. त्यात २५ पिक्सेल एकाच जागेकडे बघत नाहीत, शेजारशेजारच्या जागा बघतात, म्हणून पानाच्या कडेला एकात पान तर दुसऱ्यात काळी माती आणि स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती परतला त्याचा आलेख) भलताच, कडा मी सरळ मास्क करतो, म्हणजे हिशोबातून वगळतो. लेन्सचं तोंड फार उघडं ठेवू नका, तिरका प्रकाश आला की फिल्टरचा शिखरबिंदू कमी तरंगलांबीकडे सरकतो.

एप्रिल-मेचं ऊन तर माहितीच आहे, सेन्सर तापला की नॉइज वाढतो, झाकण लावून डार्क फ्रेम (अंधारातला फोटो, नॉइज वजा करायला) परत परत घ्यावी लागते, उजेड ताडायच्या पांढऱ्या टाइलवर धूळ बसली की सगळंच गंडतं.

काम देतो का? देतो. निरोगी पान लाल प्रकाश खातं आणि ७०० नॅनोमीटरच्या पुढे आलेख एकदम उभा चढतो, करपा (पानांवरचा बुरशीचा रोग) आला की तो चढ बसतो, काही वेळा डोळ्यांना नीट दिसायच्या आधीच. पण हरण्या (विषाणूचा रोग) आहे की नत्र कमी पडलंय हे एकटा कॅमेरा सांगत नाही, हरितद्रव्य दोन्हीकडे घटतं, झाडापाशी जावंच लागतं. शेतकरी विचारतात, "भाऊ, रोग हाये का नाही तेवढं सांग," त्यांना आलेख काय दाखवणार.

फळं सरकत्या पट्ट्यावरून जाणार असतील तर लाइन स्कॅनच घ्या, बँडही जास्त मिळतात. उभ्या पिकासाठी हा घ्या, फक्त पैसे देण्याआधी तुमच्याच सेन्सरची कॅलिब्रेशन फाइल (कोणता फिल्टर नेमकी कोणती तरंगलांबी सोडतो त्याची नोंद) मागून घ्या, आमच्या विक्रेत्याने ती द्यायला फार रडवलं.