वॉटर फ्लॉसर, नऊ महिन्यांनंतर: मशीन बरं आहे, नोझलने डोकं उठवलं

वॉटर फ्लॉसर म्हणजे दातांच्या फटींत पाण्याची बारीक धार मारून अडकलेलं काढणारं मशीन. परवा सकाळी बटण दाबलं तर मोटर घुरघुरली, पण पाणी नाही. नोझलच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, बस. हे दुसऱ्यांदा झालं, म्हणून आता बसून सगळं लिहून टाकतो. टाकी २०० मिलीची, तीन मोड, चार्जिंग यूएसबीवर, हे तुम्ही खोक्यावर वाचलं असेलच. कंपनीचं नाव देत नाही, दिलं तर पुन्हा त्यांचे फोन सुरू होतील.

आधी घेतलं का ते सांगतो. आखाजीच्या आठ दिवस आधी उजवी दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, हळद-मीठ झालं, शेवटी अमळनेरच्या आमच्या डॉक्टरांकडे गेलो. रूट कॅनल आणि वर कॅप, एकूण ८,५०० रुपये. ते एवढंच बोलले असते तर चाललं असतं. पण म्हणाले, ‘‘दोन वर्षांपूर्वी आला असतात तर कीड वरवरच होती, नऊशे रुपयांत भरून दिली असती.’’ म्हणजे ७,६०० रुपये मी निव्वळ न जाण्याचे भरले. त्या रात्री दुखण्यापेक्षा हिशोबाने झोप लागली नाही.

वर त्यांनी सांगितलं, सहा महिन्यांनी एकदा सफाई करून घ्या. सफाईचे ७००, वर्षाचे १,४००. मी डोकं चालवलं: २,३५० चं मशीन घेतलं की पावणेदोन वर्षांत पैसे वसूल, डॉक्टरची कटकटही मिटली. हा हिशोब चुकला, ते पुढे येईलच.

पहिले दोन महिने मी खूश होतो. पहिल्या दिवशी आरसा, बनियन आणि भिंत तिन्ही भिजलं, कारण बेसिनवर वाकून, ओठ अलगद मिटून मगच बटण दाबायचं हे मला कोण सांगणार? वडील दारात उभे राहून बघत होते. ‘‘हाई काय शे? तोंडम्हा फवारनी?’’ घरात त्याचं नाव तेव्हापासून फवारणीच पडलं.

पण काम करतं हो. भरताच्या वांग्याच्या बिया, शेवभाजीतली शेव, दाढेत रुतलेला दाण्याचा तुकडा, सगळं बेसिनमध्ये पडताना दिसतं. सगळ्यात चिवट निघाले केळीचे वेफर्स. पेढा लाळेत विरघळून जातो, वेफरचा पिठूळ लगदा मात्र दाढेच्या खाचेत तासन् तास बसून राहतो, आणि तोंडातल्या जंतूंना आम्ल बनवायला तेच हवं असतं. मी उलट समजत होतो.

पहिले आठ-दहा दिवस हिरड्यांतून रक्त आलं. घाबरून बंद करणार होतो. आधीही ब्रशला रक्त दिसलं की तेवढी जागा सोडून द्यायचो. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की रक्त येतं ते हिरडी सुजली आहे म्हणून, आणि ती सुजते तिथे घाण साचली म्हणून. जागा सोडली की आणखी साचतं. तिथेच हलक्या हाताने, मऊ ब्रशने घासा. पंधरा दिवसांत रक्त थांबलं. तेव्हा विचारलं असतं तर पाचपैकी साडेचार दिले असते.

आता नोझल.

आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. न्हाणीघरात सगळं बोअरचं. बादलीला पांढरा थर, हीटरच्या रॉडवर खपली, खान्देशात ज्याच्या घरी बोअर आहे त्याला वेगळं सांगायला नको. चौथ्या महिन्यात धार वाकडी झाली, मग बारीक, मग बंद. कंपनीला फोन केला. व्हिडिओ पाठवा. पाठवला. बिलाचा फोटो पाठवा. पाठवला. मशीन नाशिकला पाठवा, कुरियरचा खर्च तुमचा. १४० रुपये गेले. एकोणीस दिवसांनी मशीन जसंच्या तसं परत, सोबत चिठ्ठी: क्षारामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. मी भांडलो. म्हणे माहितीपत्रकात लिहिलं आहे. बघितलं तर अकराव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, इंग्रजीत. नवीन नोझल घ्या म्हणाले, दोन नगांचे ३९९. बोटभर प्लास्टिकची नळी हो! अख्ख्या मशीनच्या सहाव्या हिश्शाची किंमत.

वडील म्हणाले, ठिबकला काय करतो आपण? आमच्या कपाशीला ठिबक आहे. क्षाराने ड्रिपर चोक झाले की लाइनमधून ॲसिड सोडतो, नंतर साधं पाणी सोडून धुऊन काढतो. नोझलला तेवढं जहाल नको म्हणून किराण्यातून ४० रुपयांचं पांढरं व्हिनेगर आणलं. वाटीत अर्धा तास नोझल बुडवून ठेवलं, वर दोन टाक्या साधं पाणी मारलं. धार सरळ! नाशिकच्या लोकांना एकोणीस दिवसांत हे सुचलं नाही.

दिवाळीनंतर कॅप दाखवायला डॉक्टरांकडे गेलो तो छाती फुगवूनच. सफाईची गरज नाही, घरी मशीन आहे, असं ऐकवायचं होतं. त्यांनी छोटा आरसा खालच्या पुढच्या दातांमागे धरला आणि मला दाखवला. पिवळा कट्टा. सगळ्या दातांना आतून जोडणारा, सिमेंट ओतल्यासारखा.

म्हणाले, जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, म्हणून इथे सगळ्यात आधी साचतं. लाळेत कॅल्शियम असतंच. दातावरचा मऊ थर एक-दोन दिवस निघाला नाही की त्यात ते बसायला लागतं आणि त्याचा दगड होतो. मऊ आहे तोवर ब्रश आणि दातांच्या फटीत फिरवायचा दोरा, तुमचं मशीन मदतीला. दगड झाला की ब्रश नाही, पाणी नाही, तो इथेच येऊन काढायचा. म्हणजे बोअरच्या क्षारावर मी चार महिने चिडत होतो आणि तोच धंदा माझी लाळ आतल्या बाजूने करत होती.

मी खरंच विचारलं, ‘‘मग व्हिनेगर?’’ ते हसले नाहीत, उलट जरा ओरडले. आम्लाने दगड निघायच्या आधी दाताचं वरचं आवरण जातं आणि ते परत उगवत नाही. लिंबू-सोडा लावून दात पांढरे करणाऱ्यांनाही तेच लागू. बायको शेजारीच बसली होती, तिने खिडकीबाहेर बघितलं.

सफाई केली. पंचवीस मिनिटं, ७०० रुपये. घरी आल्यावर जिभेला फटी लागायला लागल्या आणि वाटलं, झालं, लोक म्हणतात तेच खरं, सफाईने दात हलतात. पण फटी आधीपासून होत्या, दगडाने बुजल्या होत्या इतकंच. हिरडी आणि हाड मागे सरकलेलं असलं की दगडच दाताला टेकू देतो, आणि मागे सरकवतोही तोच.

मग वडिलांना नेलं, कारण डॉक्टरांनी घरात कुणाला शुगर आहे का विचारलं होतं. शुगर वाढलेली असली की हिरड्यांचा आजार लवकर धरतो, आणि हिरडी सुजलेली राहिली की शुगर आटोक्यात यायला त्रास देते, असं दोन्हीकडून चालतं. वडिलांच्या हिरड्यांवर चार बैठका झाल्या. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी (एचबीए१सी) ८.४ होती, नंतर ७.९ आली. मधे गोळीही वाढवली होती, त्यामुळे किती श्रेय कुणाचं ते मी ठरवत नाही. आमच्या गल्लीतल्या एका काकांना हृदयाची झडप बसवली, तर ऑपरेशनच्या आधी सर्जनने त्यांना दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. किडके दात काढून या, मग झडप. तोंडातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. तेव्हा आम्ही त्या सर्जनला नावं ठेवली होती.

आईचं अवघड आहे. ती मिसरी लावते. तव्यावर तंबाखू भाजून कुटलेली, चाळीस वर्षं. तिच्या मते त्यानेच दात घट्ट राहिले. महाराष्ट्रात २०१२ ला गुटखा बंद झाला, पण घरच्या तव्याला कोण बंदी घालणार? डॉक्टरांनी तिचे गाल, जिभेखालची जागा बॅटरी लावून बघितली, पांढरा चट्टा नाही म्हणाले, आणि मिसरी सोडा म्हणून दोनदा सांगितलं. दिवसाला दोनदाची एकदा झाली आहे. मशीनला ती हात लावत नाही.

तर घ्यावं का? तार बसवलेली मुलं, कॅप-ब्रिज असलेले, ज्यांना दोरा जमत नाही असे, त्यांनी घ्यावं. टाकीत आरओचं पाणी घाला, एका वेळेला २०० मिलीच तर लागतं. सफाई वाचेल म्हणून घेत असाल तर तेच पैसे डॉक्टरांना द्या, तीन सफाया होतील आणि अडीचशे उरतील. मी पाचपैकी तीन देतो. अर्धा गुण नोझलच्या किमतीचा कापला आहे, एक अकराव्या पानाचा, आणि अर्धा असाच.

परवाच्या चोकचं म्हणाल तर चूक माझीच, आरओचा कंटाळा आला म्हणून आठ दिवस बोअरचं घातलं. नोझल वाटीत टाकायला गेलो तर व्हिनेगरची बाटली रिकामी, मुलांनी मंचुरियन केलं होतं. ३९९ चं नोझल ऑगस्टपासून कार्टमध्ये पडून आहे. काल बघितलं तर ३७९ झालंय. बघू, अजून उतरेल.