अविवाहित बाईंना खापरपणतू कुठून आला?

नगरला (आता अहिल्यानगर) मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार यांच्यावर छोटी पुस्तिका काढायची, असं आम्ही काही निवृत्त शिक्षकांनी ठरवलं होतं. सावित्रीबाईंच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या संदर्भात त्यांचं नाव हमखास येतं. १७९५ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात मार्लबरो गावी जन्म, १८२७ मध्ये मुंबईत आगमन, १८६२ मध्ये नगरलाच मृत्यू, एवढं हाताशी होतं. त्यांच्या घराण्याचं काय, ते शोधायचं होतं.

ओळखीतून एक गृहस्थ मिळाले. बोस्टनला राहतो म्हणाले, मराठी अस्खलित. आगाऊ पंधरा हजार घेतले आणि आठवड्यातच मार्लबरोच्या जुन्या गावइतिहासाची पानं पाठवली. ती पानं खरी होती. सगळा डाव त्यावरच उभा होता. त्यानंतर ‘अभिलेखागाराची फी’, ‘शिक्क्याची नक्कल’ म्हणून आणखी तेवीस हजार गेले, तेव्हा कोणाला वावगं वाटलं नाही. तोच गावइतिहास १८८१ मध्ये छापलेला आहे आणि इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतो, हे नंतर समजलं.

मग चकचकीत अहवाल आला. त्यात १८०० आणि १८१० च्या जनगणनेत लहानग्या सिंथियाचं नाव नि वय होतं. आता अमेरिकी जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहायला सुरुवात झाली ती १८५० पासून. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे. म्हणजे ही पानं घरी बसून तयार केलेली. पुढे १७९५ चा छापील जन्मदाखला, राज्याच्या शिक्क्यासकट! त्या काळी तिकडे जन्म नोंदले जात ते गावच्या कारकुनाच्या वहीत, नाहीतर घरच्या बायबलच्या कोऱ्या पानावर, हाताने. सोबत ‘विशीतल्या सिंथिया’चं छायाचित्रही. दागेरोटाइप, म्हणजे छायाचित्र काढायची सुरुवातीची पद्धत, जगापुढे आली १८३९ मध्ये, तेव्हा बाई चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. शेवटी इंग्लंडमधल्या सरदार घराण्याशी जोडलेलं नातं आणि रंगीत कुलचिन्ह. मुळात कुलचिन्ह विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं. आडनाव जुळलं म्हणून ते कुणाचंही होत नाही. तरी ते विकणारी दुकानं जोरात चालतात.

हा धंदा जुनाच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गुस्ताव्ह आंजू नावाचा इसम न्यूयॉर्कच्या श्रीमंतांना अशाच बनावट वंशावळी विकत असे. त्यातली खोटी नावं लोक आजही आपापल्या वंशवृक्षात उतरवून घेतात.

पण आमच्या गृहस्थांची धाव त्याहून पुढची. टेक्सासमध्ये बाईंचा खापरपणतू सापडला, तो नगरच्या शाळेला मोठी देणगी द्यायला तयार आहे, फक्त ‘वारस पडताळणी’साठी साठ हजार भरा, असा निरोप आला. आमच्यातल्या एका बाईंनी वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, “अहो, पण लग्न कधी झालं हिचं?” अमेरिकन बोर्डाने (अमेरिकेतल्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने) अगदी सुरुवातीला परदेशी पाठवलेल्या अविवाहित स्त्रियांपैकी एक, हीच तर फॅरारबाईंची ओळख. गड्याने दुसरीच कोणी सिंथिया फॅरार, नवरा-मुलांसकट, उचलून आमच्या बाईंना चिकटवली होती. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे न्यू हॅम्पशायर ज्यात येतं त्या अमेरिकेच्या ईशान्य भागात, तीच ती नावं घरोघरी असत. नावाबरोबर गाव, सन आणि भावंडं जुळल्याशिवाय काही खरं धरू नये.

वारसाचं आमिष तर अमेरिकेतही मुरलेलं आहे. सोळाव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी सर फ्रान्सिस ड्रेक याची अफाट मालमत्ता वारसांना मिळवून देतो असं सांगून ऑस्कर हार्टझेलने १९२० नंतरच्या काळात हजारो लोकांकडून पैसे काढले. तो अखेर तुरुंगात गेला, तरी त्याचे देणगीदार बराच काळ त्याच्यावर विश्वास ठेवून होते.

खरा शोध कंटाळवाणा असतो, पण बराचसा फुकट होतो. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर खातं उघडायला पैसे लागत नाहीत आणि न्यू इंग्लंडच्या गाववह्यांची पुष्कळ छायाचित्रं तिथे आहेत. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. पैसे देऊन कोणाला नेमायचंच असेल तर प्रत्येक विधानामागे कोणती वही, कोणतं पान, कुठे ठेवलंय, हे आधी लिहून मागा. आमच्या अहवालात तळटीप एकही नव्हती.

साठ हजार आम्ही दिले नाहीत. आधीचे अडतीस हजार ज्या खात्यात गेले ते बोस्टनचं नव्हे, इथलंच, तिसऱ्याच माणसाच्या नावाचं निघालं. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली. खात्यात उरलेले चार हजार गोठवले गेले, बाकीची रक्कम आधीच काढून घेतलेली होती. पैसे गेल्याबरोबर फोन केला असता तर कदाचित जास्त हाती लागले असते, असं सायबर पोलिसांतल्या हवालदारांनी सांगितलं.