एक्सल काउंटर की रुळाशेजारची फायबर?
रुळावर गाडी आहे का, हे ओळखायचे हे दोन मार्ग. एक्सल काउंटर ब्लॉकमध्ये, म्हणजे रुळाच्या ठरावीक तुकड्यात, गेलेले आणि बाहेर आलेले चाकांचे आस मोजतो. आकडा जुळला की ब्लॉक मोकळा. हिशेब चोख, पण मधल्या पट्ट्यात काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो.

ऑप्टिकल फायबरचं, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तारेचं, उलट. केबलच्या एका टोकाला यंत्र लावून लेझरचे स्पंद सोडायचे; काचेतून मागे विखुरणाऱ्या प्रकाशातला बदल कंपनाची जागा सांगतो. एका यंत्रात साधारण ४० किलोमीटर, तेही बहुतेकदा दूरसंचारासाठी आधीच पुरलेल्या केबलवर! गाडीचा वेग, कोसळलेली दरड, रुळालगत चाललेलं खोदकाम, सगळ्याची चाहूल लागते. मात्र शेजारच्या रस्त्यावरचा ट्रकही त्यात घुसतो, आणि गाडी अप मार्गावर की डाउन, हे सांगताना ती अडखळते.

सिग्नल हिरवा करायचा तर मी एक्सल काउंटरवरच विसंबेन. घाटात दरडींवर पाळत ठेवायला मात्र फायबर हवी.