रिव्हर्स मॉर्गेजची फाइल: एजंटकडे द्यायची का आपणच हिंडायचं?

आप्पांच्या घरावर रिव्हर्स मॉर्गेज केलं तेव्हा आमचं दोन्ही करून झालं, आधी एजंट आणि मग मी स्वतः, म्हणून लिहितोय. रिव्हर्स मॉर्गेज म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी राहतं घर बँकेकडं तारण ठेवून घ्यायचं कर्ज, वय 60 लागतं, दर महिन्याला पैसे बँक देते, हप्ता नसतो, हे तुम्हाला माहीतच असणार. खरी डोकेदुखी वेगळीच आहे. बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत काढणारा माणूस, घर बघायला येतो त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद कुणी सांभाळायचे?

एजंटचं आधी सांगतो, कारण त्याच्यावर माझा तसा राग नाही. माणूस बोलायला गोड, "मालक, तुम्ही टेन्शनच घेऊ नका" म्हणत चहा पिऊन सगळा गठ्ठा झेरॉक्सला घेऊन गेला. सिटी सर्व्हे ऑफिसातून प्रॉपर्टी कार्डाची, म्हणजे जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीची, नक्कल दोन दिवसात आणली, मला एकट्याला आठवडा लागला असता, आणि मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा वाजता ऑफिसं हिंडणं म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायची गरज नाही. सर्च रिपोर्टचं, म्हणजे घराच्या मालकीचे जुने व्यवहार तपासल्याच्या अहवालाचं म्हणाल तर तो बँकेच्या पॅनेलवरचा वकीलच काढतो, तिथं एजंट असला काय नसला काय.

घोळ झाला साईट व्हिजिटला. आमचं घर पूर्व भागातलं, वर राहायचं आणि खाली चार माग, तिकडच्या बऱ्याच घरांसारखंच. माग विकून कितीतरी वर्षं झाली, खाली आता आईची शिलाई मशीन आणि नातवाची सायकल. पण जमिनीत मागाचे बोल्ट तसेच वर आलेले, भिंतीवर जुना थ्री फेजचा बोर्ड, कोपऱ्यात तेलाचे डाग. व्हॅल्युअर आला तेव्हा मी कामावर, आप्पा झोपलेले, एजंटनं दार उघडायला लावलं, पंधरा मिनिटात टेप लावून फोटो काढून दोघं गेले पण. रिपोर्टमध्ये तळमजला औद्योगिक वापर असं पडलं, आणि रिव्हर्स मॉर्गेजला तर स्वतः राहतं घर लागतं, मग काय, फाइल जागेवर बसली.

हे आम्हाला कळलंच नाही, माझं एजंटवरनं मन उडालं ते इथंच. व्हॅल्युएशन रिपोर्ट थेट बँकेत जातो, आपल्या हातात येत नाही. फोन केला की "होतंय मालक, साहेब रजेवर आहेत". तीन आठवडे हेच. शेवटी मीच शाखेत गेलो तर मॅडमनी फाइल माझ्याकडं फिरवली आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. एजंट खोटं बोलला असं मी म्हणणार नाही, त्यानं बहुतेक तो कागद बघितलाच नसेल, त्याच्याकडं अशा वीस फाइली असणार. पण आमच्याकडं एकच होती ना.

मग मी स्वतः लागलो. महावितरणमधून मागाचं कनेक्शन कायमचं बंद केल्याचा कागद काढला, घरगुती मीटरचं चालू बिल जोडलं. महापालिकेच्या टॅक्स बिलावर खालच्या मजल्याला अजून बिगरनिवासी आकारणी लागत होती, ती चूक आमचीच, माग विकल्यावर अर्जच दिला नव्हता, तो दिला आणि पोच घेतली. मिस्त्री बोलावून बोल्ट कापले, वर सिमेंट मारलं. व्हिजिटची फी परत भरावी लागली ते वेगळंच.

दुसऱ्या वेळी व्हॅल्युअर आला तेव्हा मी रजा टाकून घरी. टेपचं दुसरं टोक मीच धरलं. चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारी बाजूंना कोण आहे ते लिहिताना खरेदीखतात पूर्वेला ज्यांचं नाव आहे त्यांनी घर विकलंय हे मी तिथंच सांगितलं, नाहीतर वकिलाची क्वेरी ठरलेली. मंजूर नकाशा आणि बांधकाम परवाना पुढं ठेवला, कारण घराचं पुढचं आयुष्य निदान 20 वर्षं आहे असं त्याला लिहावं लागतं आणि घराचं वय कागदावर दिसलं की तो अंदाजानं लिहीत नाही. पाऊण तास बसला. जाताना आप्पांना म्हणला, "काका, तो लाईटचा कागद पहिल्यांदाच दाखवला असता तर झालं असतं की." आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी सिमेंटकडं.

आता स्वतः करणं सोपं आहे असं पण नाही. माझ्या तीन अर्ध्या रजा गेल्या, आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात तर कुणी नादाला लागूच नये. पोरं पुण्यात आणि आईवडील इथं एकटे अशी घरं आपल्याकडं बरीच आहेत, त्यांना एजंट सोडला तर दुसरं कोण आहे? त्यांनी नकला आणायचं काम खुशाल त्याला द्यावं, फक्त व्हिजिटच्या दिवशी घरातलं कुणीतरी कागद घेऊन दारात पाहिजे, एवढी एक रजा पुण्यातनं टाकाच.

अजून एक असं की हे काम एकदा होऊन संपत नाही. नॅशनल हाउसिंग बँकेच्या नियमांप्रमाणे दर पाच वर्षांनी तरी घराची किंमत परत काढायची असते, म्हणजे व्हॅल्युअर परत येणार, त्या वेळी हा एजंट कुठं असेल देव जाणे. आणि पुढं कधीतरी आम्हा पोरांनाच सगळी रक्कम भरून घर सोडवायचं आहे. पूर्ण रक्कम भरल्यावर 30 दिवसात मूळ कागद परत दिले पाहिजेत, बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये, असं रिझर्व्ह बँकेनं 2023 मध्ये ठरवलंय. पण मुळात कोणते कागद दिले होते तेच माहीत नसेल तर परत काय मोजून घेणार? एजंटच्या वेळी आमच्याकडं यादीच नव्हती. नंतर मी शाखेतून सही शिक्क्याची यादी घेतली, ती आणि महावितरणच्या त्या कागदाची झेरॉक्स एका पिशवीत घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवलीय, धाकट्याला पण दाखवून ठेवलंय.